उजनीत वॉटर स्की: बोटीला टो पोल कुठला आणि कुठं बसवावा?

भीमाकाठी
नमस्कार मंडळी. राहायला सोलापुरात, शेती करमाळा तालुक्यात उजनीच्या अगदी काठावर. तीन वर्षांपूर्वी सोळा फुटी फायबरची बोट घेतली, मागं ७५ एचपीचं फोर स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन. आतापर्यंत घरची माणसं फिरवणं आणि पलीकडच्या काठाला जाणं, एवढाच तिचा उपयोग.

बहिणीची मुलगी दोन वर्षं परदेशात होती, तिथं वॉटर स्की शिकून आली, म्हणजे पायाला लांब फळ्या बांधून, पळत्या बोटीमागं दोर धरून पाण्यावर उभं राहून जायचा खेळ. येताना स्कीची जोडी, दोर आणि हँडलही घेऊन आली. आता ती रोज विचारते, "मामा, बोट कधी तयार करतोस?"

त्यासाठी बोटीत हा दोर बांधायचा खांब, म्हणजे टो पोल, बसवायचाय. एमआयडीसीत एका फॅब्रिकेशनवाल्याला बोट दाखवली. तो म्हणतो दोन इंची एसएसचा पाइप, उंची दोन फूट, खाली आठ बाय आठची प्लेट, चार बोल्ट मारून बोटीच्या तळफळीवर मधोमध उभा करतो. दुसरा एक जण म्हणाला खांब कशाला, मागच्या दोन कड्यांना दोर बांधा आणि ओढा.

नक्की काय करावं? खांबाचा खरंच फायदा आहे का? आणि फायबरमध्ये बोल्ट धरतात का?

शेंगाचटणी
उजनीत वॉटर स्की! वाचूनच सकाळ छान झाली. फोटो टाकायला विसरू नका.

कोकणवारा
मी मूळचा सोलापूरचा, आता नोकरीमुळे किनाऱ्यावर असतो. बोटींशी रोजचा संबंध.

खांबाचा फायदा आहे. स्की करणारा माणूस बोटीच्या मागं सरळ राहत नाही, डावी-उजवीकडे जोरात कापत जातो. दोर अगदी मागच्या कडेला बांधलेला असेल तर तो डावीकडे गेला की बोटीचं बूड डावीकडे खेचलं जातं आणि नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, उजवीकडे वळते. चालवणारा सारखा स्टिअरिंगशी झुंजत राहतो. म्हणून स्पर्धेच्या बोटींत इंजिन आत असतं आणि खांब जवळजवळ मध्यावर, बोट जिथं स्वतःभोवती वळते त्या जागेपाशी. तिथून ओढलं तर बोट सरळ राहते.

पण तुमची बोट तशी नाही. तुमचं इंजिन मागं बाहेर लटकलेलं आहे, आणि दोर त्याच्यावरून जाणार. म्हणून आधी एक माप सांगा: तळफळीपासून इंजिनाच्या टोपीचा माथा किती उंच आहे? दोन फुटी खांबावरून निघालेला दोर इंजिनाच्या टोपीवर घासणार असं मला इथं बसून दिसतंय.

लेथमास्तर
दोन इंची शेड्यूल ४० चा, म्हंजे ठरलेल्या जाडीचा, पाइप लै मजबूत असतो ओ. आमी यंत्रमागाचे बीम, गेटं, पाण्याच्या टाक्यांचे स्टँड सगळं त्याच्यातच केलंय. एक माणूस ओढायला काय लागतंय त्याला? फक्त वेल्डिंग आरगॉनचं करून घ्या, साध्या रॉडनं केलं की जोडाला तांबेरा येतोय.

निळीशाई
मास्तर, पाइप टिकेल हो. खालची फळी टिकेल का, ते सांगा.

चार वर्षांपूर्वी माझ्या बोटीला असाच खांब बसवून घेतला होता. बसवणाऱ्यानं चार सेल्फ टॅपिंग स्क्रू मारले, सिलिकॉन लावलं, झालं. पहिला महिना काही नाही. मग एके दिवशी बोट धुताना प्लेटच्या कडेनं केसासारखी बारीक रेघ दिसली. बोटानं दाबलं तर रेघेतून पाणी वर आलं. रुपयाचं नाणं घेऊन ठोकत गेलो. लांब टण टण आवाज, आणि प्लेटच्या जवळ आलो की भद्द. आतलं प्लायवुड स्क्रूच्या भोकांतून पाणी पिऊन कुजलं होतं. खांब हातानं हलवला आणि तो चारही स्क्रूंसकट, फळीचा तुकडा घेऊन माझ्या हातात आला.

तो पाण्यात, वेगात असताना निघाला असता तर? दोर ताणलेला, टोकाला लोखंड, आणि मागच्या बाकावर माझी बायको बसायची. आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

प्रायंत्र
यंत्र अभियांत्रिकी शिकवतो, म्हणून थोडा हिशेब मांडतो. कंटाळू नका, हा हिशेब उपयोगाचा आहे.

पाण्यातून उठताना आणि जोरात कापताना दोरावर बरीच ओढ येते. आपण २०० किलो धरू. खांब ६० सेंटीमीटर उंच असेल तर बुडाशी येणारा वाकवणारा जोर १२० किलोग्रॅम-मीटर. शेड्यूल ४० च्या दोन इंची पाइपाचा बाहेरचा व्यास ६०.३ मिमी, जाडी ३.९ मिमी. त्यावर ताण येतो साधारण १२८ मेगापास्कल. ३०४ स्टेनलेस साधारण २०५ ला कायमचं वाकू लागतं. म्हणजे लेथमास्तर म्हणतात ते इथवर बरोबर आहे, पाइप टिकेल.

आता निळीशाईंचा मुद्दा. आठ इंची प्लेटमध्ये पुढचे आणि मागचे बोल्ट फार तर १५ सेंटीमीटर अंतरावर येतात. खांब मागं ओढला जातो, तेव्हा प्लेट मागच्या कडेवर टेकते आणि पुढचे दोन बोल्ट वर उपटले जातात. १२० भागिले ०.१५, म्हणजे ८०० किलो. दोन बोल्टांवर ८०० किलोची वर ओढ, आणि ते धरून ठेवणार कोण? पाच-सहा मिमी फायबर आणि त्याखालचं प्लाय. स्क्रू तर सोडाच, खाली मोठी प्लेट नसेल तर नट-बोल्टसुद्धा फळी फाडून वर येईल.

आणि कोकणवाऱ्यांनी मागितलेलं माप फार महत्त्वाचं आहे. उंची वाढली की हे सगळे आकडे त्याच प्रमाणात वाढतात.

भीमाकाठी
माप घेतलं. तळफळीपासून इंजिनाच्या टोपीचा माथा १०४ सेंटीमीटर. इंजिन जिच्यावर लटकतं त्या मागच्या फळीचा वरचा काठ ५० सेंटीमीटर.

म्हणजे दोन फुटी खांबावरचा दोर टोपीला घासणार नाही, सरळ तिच्यात अडकणार! फॅब्रिकेशनवाल्यानं हे बघितलंच नाही, आणि मीही नाही. बरं झालं विचारलं.

माढेकर
आनंदात विघ्न आणायचं नाही, पण मनातलं बोलतो. उजनी म्हणजे आपल्यासाठी नुसतं धरण नाही. आमच्या गल्लीत चार दिवसांआड पाणी येतं, ते तिथलंच. धरण उशाला आणि कोरड घशाला असं आपल्याकडं उगाच म्हणत नाहीत. त्या पाण्यात खेळ म्हणून पेट्रोलचं इंजिन गरागरा फिरवायचं हे मला पटत नाही. शिवाय मासेमारांची जाळी आहेत. चिलापीवर, कटल्यावर शेकडो घरं चालतात. आणि हिवाळ्यात भिगवणच्या बाजूला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) येतात, त्यांच्या जवळून बोट पळवली तर थवाच्या थवा उठून जातो.

भीमाकाठी
माढेकर दादा, तुमचं म्हणणं मनावर घेतलंय. भिगवणकडं आम्ही जाणारच नाही, ते आमच्यापासून लांब आहे. जलसंपदा खात्याकडं परवानगीचा अर्ज देतोय, ती मिळाल्याशिवाय स्की पाण्यात उतरणार नाही. काठावरच्या मासेमारांशी तर रोजची ऊठबस आहे, जाळी कुठं लावलीत ते आदल्या संध्याकाळी विचारून घेईन. इंजिन फोर स्ट्रोक आहे, ऑइल पेट्रोलात मिसळावं लागत नाही. तरी पेट्रोल भरायचं ते काठावर, बोटीत नाही, असा नियम घरात केलाय.

माढेकर
एवढी काळजी घेणार असाल तर माझा विरोध मागे. परवानगी मात्र लेखी घ्या.

हिप्परग्याचीपोर
मुलीच वॉटर स्की करायला निघाल्यात हे वाचून फार छान वाटलं. दादा, भाचीला माझ्याकडून शाबासकी.

एक गोष्ट तिला सांगा. हा खेळ सुरू झाला १९२२ साली, अमेरिकेत मिनेसोटातल्या पेपिन तलावावर. राल्फ सॅम्युएलसन नावाच्या अठरा वर्षांच्या पोरानं आधी पिंपाच्या फळ्या पायाला बांधून बघितल्या, मग बर्फावरच्या स्की. काही जमेना. शेवटी लाकडी फळ्या आणल्या, त्यांची टोकं उकळत्या पाण्यात मऊ करून वर वाकवली, आणि त्यांवर तो उभा राहिला. तळ्याकाठच्या गावातल्या पोरानं घरच्या भांड्यात फळ्या उकळून केलेला खेळ आहे हा. म्हणून उजनीकाठी तो शोभतोच.

शेंगाचटणी
आमच्याकडं फळ्या उकळायला घेतल्या तर आई आधी मलाच उकळेल.

लेथमास्तर
सर, तुमचा हिशेब वहीत उतरून घेतला. १२० सेंटीमीटर उंची धरली तर दोन इंची पाइपावर ताण दुप्पट होतोय, २५७ च्या आसपास. म्हणजे वाकणारच. चुकलं माझं. मग अडीच इंची शेड्यूल ४० घेतला तर?

प्रायंत्र
मास्तर, उत्तम प्रश्न. अडीच इंचीचा व्यास ७३ मिमी, जाडी ५.१६. त्याच ओढीला १२० सेंटीमीटर उंचीवर ताण १३५ च्या घरात, म्हणजे पाइप तग धरेल. पण बुडाशी जोर २४० किलोग्रॅम-मीटर झाला, आणि आठ इंची प्लेटचे पुढचे बोल्ट आता १६०० किलोनं उपटले जातील. पाइप जाड करून फळी मजबूत होत नाही.

उपाय पाइप जाड करण्यात नाही, पाय जोडण्यात आहे. खांब मागच्या फळीच्या ७० सेंटीमीटर पुढं उभा करा. माथ्यापासून दोन तिरके पाय मागं न्या, एक डाव्या कोपऱ्याला, एक उजव्या. टेकवा मागच्या फळीच्या वरच्या काठाशी. माथा १२० वर, पाय टेकतात ५० वर, म्हणजे ७० चढ आणि ७० अंतर, पंचेचाळीस अंशाचा कोन. आता २०० किलोची ओढ ते दोन पाय दाबून घेतात, खांब वाकत नाही, आणि बुडाला वर उपटणारा जोर राहतो फक्त २००. सोळाशेचा दोनशे! आणि पाय दोन्ही कोपऱ्यांत फाकलेले असल्यानं माणूस बाजूला कापत गेला तरी खांब कलत नाही.

कोकणवारा
सरांनी मनातलं मांडलं. आउटबोर्डच्या बोटींना तयार तिपाई खांब मिळतात त्यांची रचना हीच असते. त्यात माझी भर, कारण या चुका मी डोळ्यांनी पाहिल्यात.

इंजिन वर उचललं की टोपी पुढं झुकते. खांब आणि दोन पाय इंजिन पूर्ण उचलून बघूनच ठरवा. नाहीतर काठाला बोट लावताना पहिल्याच दिवशी टोपी फुटेल. इंजिन पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवूनही बघा.

भोक पाडण्याआधी खाली काय आहे ते बघा. पेट्रोलची टाकी, वायरी, स्टिअरिंगची केबल. ड्रिलच्या पात्याला टेप गुंडाळून खोलीची खूण करा.

बुडाची प्लेट नुसत्या फळीवर नको. फायबरच्या बोटीत तळाशी लांबीच्या दिशेनं जाणारे कणे असतात, त्यांच्यावर ती यायला हवी. खालून सहा मिमी जाडीची प्लेट, मोठे वायसर, आणि नायलॉक नट, म्हणजे हादऱ्यांनी सैल न होणारे. मागच्या फळीच्या कोपऱ्यांतही तसंच, आरपार बोल्ट.

भोकाचं काम सगळ्यात महत्त्वाचं. बोल्ट दहा मिमीचा असेल तर भोक सोळा मिमीचं पाडायचं, त्यात इपॉक्सी भरायचं, पूर्ण वाळू द्यायचं, मग त्या इपॉक्सीच्या मधून दहाचं भोक. म्हणजे आतल्या प्लायला पाणी कधी शिवत नाही. वर मरीन सीलंट, बाथरूमचं सिलिकॉन नाही. निळीशाईंची फळी या एका कामाअभावी गेली.

गोडं पाणी आहे, ३०४ जातीचं स्टेनलेस चालेल. समुद्रात न्यायची असती तर ३१६ सांगितलं असतं.

निळीशाई
अगदी खरं. मला हे तेव्हा कुणी सांगायला हवं होतं.

गावाकडचा
यूट्यूबवर सात-आठ फुटी उंच खांब बघितलाय, त्यावरून पोरं हवेत उड्या मारतात. करायचंच आहे तर तो का नाही?

कोकणवारा
तो वेकबोर्डसाठी, म्हणजे एकाच रुंद फळीवर उभं राहायचा खेळ. उंचावरून ओढलं की माणूस वर उचलला जातो, म्हणून उड्या. पण अशा खांबाच्या माथ्यापासून नाळेपर्यंत ताणाची तार बांधावी लागते, आणि सोळा फुटी हलक्या बोटीत इतक्या उंचावरून बाजूला ओढ बसली की बोट कलते. भीमाकाठींच्या बोटीला नको. आणि अशा उंच खांबाला हवेची ट्यूब कधीच बांधायची नाही. ट्यूब पाण्यात नाक खुपसते तेव्हा ओढ एकदम कितीतरी पटीनं वाढते.

भीमाकाठी
उंच खांब नकोच. मुलगी दोन स्कींवर उभी राहते, उड्या तिला येत नाहीत आणि मला बघवणारही नाहीत.

दोराचं विचारायचं राहिलं. तिचा दोर ७५ फुटी आहे. तो तुटला तर आमच्या ट्रॅक्टरचा नायलॉनचा दोर चालेल?

कोकणवारा
नको! नायलॉन रबरासारखा ताणतो. माणसानं हँडल सोडलं किंवा दोर तुटला की तो बोटीकडं झेप घेतो, आणि तुमच्या डोक्यामागं येतो. शिवाय पाण्यात बुडतो, म्हणजे थेट इंजिनाच्या पंख्यात. स्कीचा दोर पॉलिप्रॉपिलिनचा असतो, कमी ताणतो आणि तरंगतो. आणि काहीही झालं तरी खांबाच्या मागच्या बाजूला बोटीत माणूस बसवायचा नाही. निळीशाईंनी लिहिलंय तेच कारण.

माढेकर
मी आलो परत. आता काठावरचा माणूस म्हणून लिहितो, कारण खांबाइतकंच हेही लागेल.

उजनी भरलेली असली की वरून आरसा दिसतो, पण खाली सगळी जुनी गावं आहेत. घरांच्या भिंती, बांधीव विहिरी, बाभळीची खोडं. पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं ते तुम्ही पाहिलंच असेल. धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे वापरायचा साठा संपला, की जिथं काल वीस फूट पाणी होतं तिथं आज खोड तीन फुटांवर असतं. आणि पाणी मागं हटतं तशा शेतकऱ्यांच्या मोटारी पुढं सरकतात. पाइप, वायरी पाण्यातून लांबवर गेलेल्या असतात. रात्रीतून जागा बदलतात. कालची मोकळी जागा आज मोकळी असेलच असं नाही.

म्हणून स्की करण्याआधी त्याच सकाळी तोच पट्टा हळू चालवत दोनदा बघा. भरलेल्या धरणातच खेळा, दिवाळीच्या सुमारास. उन्हाळ्यात नको. वळवाचं वादळ किती झटकन येतं हे आपल्याला माहीत आहे. मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशीच्या दरम्यान प्रवासी बोट उलटून सहा माणसं गेली. लाइफ जॅकेटाशिवाय कुणालाही, बोटीतल्या माणसालाही, बसू देऊ नका.

हिप्परग्याचीपोर
माढेकर काका, हा प्रतिसाद धाग्यात सगळ्यात वर लावायला हवा.

भीमाकाठी
मंडळी, दीड महिन्यानं येतोय. परवानगीचं पत्र हातात आलं आणि खांबही बसला.

काम लेथमास्तरांच्याच ओळखीच्या माणसाकडून अक्कलकोट रोडला करून घेतलं. मास्तर स्वतः दोन दिवस तिथं थांबले, त्यांचे उपकार कसे फेडू. दोन इंची खांब, दीड इंची दोन पाय, सगळं ३०४. आधी पीव्हीसीच्या पाइपांचा खोटा खांब जोडून बोटीत उभा केला आणि इंजिन उचलून बघितलं. टोपी डाव्या पायाला दोन बोटांवरून हुकली! पाय चार सेंटीमीटर बाहेर सरकवले. कोकणवाऱ्यांनी लिहिलं नसतं तर हे कळलंच नसतं.

इपॉक्सी वाळायला दोन दिवस दिले. माथ्याला वरून गोल थाळी वेल्ड केली, दोर निसटू नये म्हणून. कडा मास्तरांनी हातानं घासून गुळगुळीत केल्या, बोट फिरवलं तर काच वाटते.

परवा सकाळी साडेसहाला पाणी तव्यासारखं सपाट होतं. पट्टा दोनदा फिरून बघितला. दुसऱ्या फेरीत एक वायर सापडली, आदल्या दिवशी नव्हती. अर्धा किलोमीटर पुढं गेलो. बोटीत मी चालवायला, आणि बायको मागं तोंड करून फक्त भाचीवर नजर ठेवायला, खांबाच्या पुढं बसलेली. खुणा आधीच ठरवल्या होत्या: अंगठा वर म्हणजे वेग वाढव, खाली म्हणजे कमी, डोक्यावर थाप म्हणजे काठाला चला, पडल्यावर हात वर म्हणजे मी ठीक आहे.

दोनदा पडली. तिसऱ्या वेळी उठली. वेग ताशी पस्तीसच्या आसपास होता. ती डावीकडे कापत गेली तेव्हा मी स्टिअरिंग घट्ट धरून वाट बघत होतो बूड खेचलं जाण्याची. किंचित जाणवलं, तेवढंच. बायको ओरडली, "अहो, उठली उठली!" आणि मला मागं बघता येईना, कारण पुढं बघणं माझं काम होतं. डोळ्यांत पाणी मात्र आलं.

लेथमास्तर
उपकार बिपकार काय नाय ओ. पोरगी उबी राहिली, भरून पावलो. एक सांगतो, पहिल्या चार-पाच फेऱ्यांनंतर सगळे नट पान्यानं परत तपासा. नवीन सीलंट बसतंय थोडं, मग बोल्ट सैल होतोय.

भीमाकाठी
तपासले मास्तर. मागच्या उजव्या कोपऱ्यातला पाव आटा फिरला, बाकीचे जागेवर.

निळीशाई
नाणं ठोकून बघितलंत का?

भीमाकाठी
हो. चारी बाजूंनी. टण टण.

गावाकडचा
मासे धरायला जाताना खांब काढून ठेवता येतो का? आणि काढला तर भोकांचं काय करता?

कोकणवारा
काढता येतो. त्याच मापाचे आखूड बोल्ट, खाली रबरी वायसर लावून, भोकांत घट्ट बसवून ठेवा. भोक उघडं ठेवायचं नाही, एक रात्रसुद्धा.